मार्गशीर्ष ते नाताळ: मराठवाड्यात नव्याने आलेल्यांसाठी बाजार-जत्रांची वाट

बदलीवर आलेले शिक्षक, बँकेत रुजू झालेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना, कारखान्यावर किंवा कॉलेजात नोकरी लागलेले लोक, सगळ्यांची तक्रार एकच असते, की इथं करमत नाही. लातूर, नांदेड, धाराशिव, जालना यांपैकी कुठेही असा, नोव्हेंबर संपला की पुढचे चार-पाच आठवडे घरात बसून राहू नका. मराठवाडा ओळखायचा तर हाच काळ. सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, कापूस वेचणीला असतो, तूर शेंगांनी वाकलेली असते आणि रानात ज्वारी-हरभरा डोलत असतो. शेतकऱ्याला थोडी उसंत आणि खिशात चार पैसे असा योग वर्षात फार वेळा येत नाही. म्हणून जत्रा, बाजार, सप्ताह, पंगती सगळं याच दिवसांत गर्दी करतं.

कशाला, कधी आणि कसं जायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी तिथी बघा, मग रजा टाका

इथले कार्यक्रम तारखेवर चालत नाहीत. भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि मार्गशीर्षातल्या चार तिथींवर खूण करा. शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी, खंडोबाचा दिवस. पौर्णिमा म्हणजे दत्त जयंती, त्या दिवशी माहूरला मोठी गर्दी. वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची यात्रा सुरू होते. आणि अमावस्येला येळवस, म्हणजेच वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा करून जेवायचा सण.

या तिथी दरवर्षी मागेपुढे सरकतात. वेळ अमावस्या २०२२ मध्ये २३ डिसेंबरला होती, २०२४ मध्ये ३० डिसेंबरला, २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे ती पार ११ जानेवारी २०२४ ला गेली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्या हंगामाची येळवस आणि माळेगाव दोन्ही जानेवारी २०२७ मध्ये जातात आणि नाताळच्या आठवड्यात दत्त जयंती येते. गेल्या वर्षी अमुक तारखेला होती म्हणून यंदाही त्याच सुमारास असेल, असं धरून तिकीट काढू नका.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत वेळ अमावस्येची स्थानिक सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात. ऑफिसात आधीच विचारून ठेवा, कारण त्या दिवशी ऑफिस उघडं असलं तरी कुणी येणार नाही.

उरुसाचं गणित वेगळं. ते हिजरी महिन्यांवर चालतात आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. तुमच्या गावच्या दर्ग्याचा उरूस कधी, हे चौकातल्या चहावाल्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

पहिला धडा आठवडी बाजाराचा

मोठ्या जत्रेला जाण्याआधी आपल्या तालुक्याचे दोन-तीन आठवडी बाजार फिरून घ्या. प्रत्येक गावाचा वार ठरलेला असतो. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत तो गुरुवारी भरतो. खेड्यापाड्यांत वार विचारला की लोक आसपासच्या पाच गावांचे वार एका दमात सांगतात, ते लिहून घ्या. एका गावाचा चुकला तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा सापडतो.

सकाळी आठ-नऊला जाल तर माल ताजा आणि निवडायला वाव. दुपारी चारनंतर भाव उतरतो, पण तेव्हा गावाकडे परतायची घाई असलेली मंडळी उरलासुरला माल काढत असतात. डिसेंबरात सकाळच्या बाजाराला शहाण्याने गरम कपडे घालूनच जावं. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो आणि उन्ह तापलं की तासाभरात स्वेटर काढावासा वाटतो.

भाज्या बऱ्याच ठिकाणी अजून वाट्यावर मिळतात. पोत्यावर वांग्यांचे, टोमॅटोंचे, मिरच्यांचे छोटे ढीग मांडलेले असतात. "मावशी, वाटा कसा दिला?" एवढं विचारलं की पुरे. भाव सांगितल्यावर थोडी घासाघीस चालते, पण सकाळी सकाळी भवानी व्हायची असेल तर फार ताणू नका. पहिल्या गिऱ्हाइकाने भाव करून न घेता निघून जाणं माणसाच्या जिवाला लागतं. परडीभर मेथी घेऊन डोंगरापलीकडून आलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी वाद घालू नये, हे माझं ठाम मत आहे. ती जाता जाता कोथिंबिरीची काडी वरून टाकते, त्यात हिशेब फिटतो.

धान्यासाठी पायली, शेर ही मापं ऐकू येतील. घाबरायचं कारण नाही, किलोने मागितलं तरी देतात.

या महिन्यात काय घ्यावं? हिरव्या हरभऱ्याचे डहाळे, बोरं, पेरू, गावरान तुरीच्या शेंगा, नवा गूळ. महिना सरता सरता हुरडाही येऊ लागतो. शिवाय आपल्या भागाचं नाव असलेला माल आवर्जून मागा. २०२४ मध्ये लातूरची बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर, धाराशिवचा कुंथलगिरी खवा, जालन्याची दगडी ज्वारी यांना भौगोलिक मानांकन मिळालं. कास्ती कोथिंबिरीची जुडी पिशवीत असली की पिशवी उघडायच्या आधी वास येतो. बचत गटांच्या बायका पापड, शेंगाचटणी, ज्वारीचं पीठ घेऊन बसतात. तालुक्याच्या ठिकाणी त्यांचे विक्री मेळावेही भरतात. तिथे दिलेला पैसा थेट त्या घरात जातो.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत असतं. फुलं, फळं, विड्याची पानं यांचे भाव बुधवारी संध्याकाळीच चढतात. त्या दिवशी बऱ्याच घरांत मांसाहार नसतो. शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा.

चंपाषष्ठी, सप्ताह आणि दत्त जयंती

धाराशिव जिल्ह्यात असाल तर अणदूर-नळदुर्गचा खंडोबा बघावा. एकच देव दोन गावांत राहतो. वर्षातला बराचसा काळ अणदूरला, आणि मार्गशीर्षातली अणदूरची यात्रा झाली की नळदुर्गच्या मैलारपुरात. दोन्ही गावचे मानकरी त्यासाठी लेखी करार करतात आणि ठरल्या मुदतीला देव परत जातो. नळदुर्गची मोठी यात्रा पौष पौर्णिमेला असते, त्यामुळे आत्ता चुकली तरी पुन्हा संधी आहे.

गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह चालू असतात. सकाळी काकडा, पारायण, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. पत्रिकेची वाट बघू नका, सप्ताहाला आमंत्रण लागत नाही. चपला बाहेर काढा, सतरंजीवर बसा, पंगतीत ताटावर बसलात की वाढणाऱ्याला "बास" म्हणायला लाजू नका आणि ताटात टाकू नका. वर्गणीची पावती फाडायला कुणी आलं तर ऐपतीप्रमाणे द्यावी. पंचक्रोशीतलं धान्य आणि राबणारे हात यांवर हे चालतं.

दत्त जयंतीला माहूरला जायचं तर मुक्कामाची सोय आधी करा. दत्तजन्माचा सोहळा सायंकाळी असतो, म्हणजे उतरताना अंधार पडणार. घाटाचा रस्ता, थंडी आणि गर्दी तिन्ही धरून चाला.

माळेगाव

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात माळेगाव आहे. एरवी लहानसं गाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि पुढचे चार-पाच दिवस तिथे तंबूंचं शहर उभं राहतं. "येळकोट येळकोट जय मल्हार"च्या गजरात पालखीवर भंडारा आणि खोबरं उधळतात. अंगावरचे कपडे पिवळे होणार, तेव्हा जुनेच घालून जा. डोळ्यांना चष्मा असेल तर उत्तम.

पहिल्याच दिवशी जायचं की मागून, हे आपल्याला काय बघायचं त्यावर ठरवा. देवदर्शन आणि पालखी हवी असेल तर पहिला दिवस. जनावरं बघायची तर पहाटे, मग दिवस कोणताही असो. कुस्त्या आणि लावणी-लोककलांचे दिवस नांदेड जिल्हा परिषद आधी जाहीर करते, वर्तमानपत्रात येतात. पोराबाळांना घेऊन जाणाऱ्यांनी पहिला दिवस टाळावा.

माळेगावची खरी श्रीमंती घोड्यांच्या, गाढवांच्या, उंटांच्या आणि बैलांच्या बाजारात आहे. लांबलांबचे व्यापारी आणि भटक्या समाजांची कुटुंबं बिऱ्हाडासकट उतरलेली असतात. उजाडताना गेलात तर शेकोट्यांच्या धुरातून घोड्यांना चालवून दाखवत असलेली माणसं दिसतील. गिऱ्हाईक काही न बोलता घोड्याच्या मागच्या पायांकडे बघत उभं असतं. लाल कंधारी बैल बघायचे तर याहून चांगली जागा नाही, शेजारचा कंधार तालुका हे त्यांचं माहेर. तांबडा रंग, भरीव खांदा, डोळ्यांभोवती काळसर कडा. लातूरकडचे पांढरे-काळे देवणी वळूही बघून घ्या. पशुप्रदर्शनात पहिला आलेला वळू घेऊन उभा असलेल्या मालकाला "मामा, खुराक काय देता?" म्हणून विचारा. अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

सौद्याच्या वेळी मध्ये बोलू नका. दात बघून वय ठरतं: आदत म्हणजे अजून दुधाचे दात, दुसा म्हणजे दोन पक्के दात, चौसा म्हणजे चार, आणि सगळे आले की जनावर जुळलं. काही जुने व्यापारी अजून उपरण्याखाली बोटं दाबून भाव करतात. त्यांच्या हातांकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही. फोटो काढायचा असेल तर मालकाला विचारा, पालांमधल्या बायका-मुलांचे फोटो विचारल्याशिवाय मुळीच नको. ते त्यांचं घर आहे.

खरंच जनावर घ्यायचं असेल तर कानातला बारा अंकी बिल्ला बघा. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. २०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगामुळे राज्यभर गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, तेव्हापासून लसीकरणाची चौकशी सगळेच करतात. आणि ज्याला बैलातलं कळतं असा गावातला माणूस सोबत असल्याशिवाय पैसे काढू नका.

नुसतं हिंडायचं तरी घेण्यासारखं खूप आहे. कासरे, म्होरक्या, वेसणी, झुली, घुंगुरमाळा, घोंगड्या. पितळी घुंगरू वाजवून घ्या, प्रत्येकाचा आवाज वेगळा निघतो. दुकानदाराची हरकत नसते.

यात्रेला जादा एसटी सोडतात. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा. परतीची शेवटची गाडी कितीला, हे उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारा. गर्दीत मोबाईलला रेंज मिळणं कठीण, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. सुटे पैसे बरोबर न्या.

येळवस: कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका

आता सगळ्यांत महत्त्वाचं. लातूर-धाराशिवमध्ये आणि लगतच्या नांदेड-बीडच्या काही तालुक्यांत वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. त्या दिवशी लातूरसारख्या शहरातले रस्ते ओस पडतात, दुकानं बंद असतात. शेत नसलेला माणूस मित्राच्या शेतात जातो. तुम्हाला आमंत्रण आलं तर दुसरा कुठलाही बेत रद्द करा. आलं नाही तर ऑफिसात मोकळेपणाने म्हणा, "मी नवीन आहे, मला येळवस बघायची आहे." दोन-तीन जण तरी हक्काने ओढून नेतील.

दोन दिवस आधीपासून बाजारात भज्जीच्या भाज्यांची झुंबड उडते. तुरीचे सोलाणे, वालाच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याची पानं, मेथी, कांद्याची पात, ओल्या शेंगा, चिंच. आंबिलीसाठी मातीची बिंदगी, म्हणजे छोटे घडे, रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेली असतात. ज्यांच्याकडे जाणार त्यांच्या घरी काही न्यायचं असेल तर फळं न्या किंवा मुलांसाठी खाऊ. स्वयंपाक घरातल्या बायका रात्रभर जागून करतात. शेजारीण असाल तर आदल्या रात्री शेंगा सोलायला जा, त्यासारखी ओळख दुसरी होत नाही.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची छोटी कोप, म्हणजे खोपी, उभी केलेली असते, वरून शाल किंवा पासोडी टाकलेली. आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून त्यांना चुना-काव लावतात, शेजारी लक्ष्मीची पूजा असते. पूजा झाली की आंबील आणि भज्जी शिंपडत "ओलगे ओलगे" म्हणत पिकाला फेरी घालतात. तुम्हालाही पाठीमागून चालायला सांगतील, चाला. चपला बांधावर काढून ठेवायच्या आणि ज्वारीच्या ओळी तुडवायच्या नाहीत, एवढं सांभाळलं की झालं.

मग जेवण. बाजरीचे उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), गव्हाची खीर, ज्वारीचा ठोंबरा, तिळाच्या किंवा शेंगाच्या पोळ्या आणि मधोमध भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी समजू नका. सगळ्या शेंगा-पालेभाज्या बेसन आणि चिंचेच्या पाण्यात शिजवून केलेली घट्टसर भाजी असते. उंडा कुस्करून त्यात भज्जी ओतायची, मध्ये हिरवी मिरची चावायची. आंबील ज्वारीचं पीठ आंबवून, ताक घालून, लसूण-जिरं लावून केलेली असते. पहिला पेला आंबट लागेल, दुसरा मागून घ्याल. थंडगार आंबील पिऊन उन्हात पडलं की झोप येते. सगळेच बांधावरच्या झाडाखाली आडवे होतात, तुम्ही पण व्हा.

वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायची रीत आहे. "आवो सर, जेवल्याबिगर जायचं न्हाई" असं अनोळखी शेतातूनही ऐकू येईल. दोन-तीन शेतांत थोडं थोडं खायची तयारी ठेवा, पहिल्याच शेतात पोट भरून घेतलं तर पुढच्यांचं मन राखता येत नाही. शेताचे मालक अण्णा किंवा काका असतील, त्यांच्याशी पिकाचं बोला: यंदा पाऊस कसा झाला, हरभऱ्यावर घाटेअळी किती, तुरीला मर लागली का. या प्रश्नांची उत्तरं लोक जीव ओतून देतात. पैसे देऊ करू नका, फार वाईट वाटतं. सूर्य कलला की काही ठिकाणी पेटता हेंडगा, म्हणजे गवताची मशाल, घेऊन पिकाभोवती फिरतात. ते बघून निघालात तर घरी पोचायला रात्र होते, गाडीचा दिवा आधी तपासून ठेवा.

नाताळ

मराठवाड्यात नाताळ फक्त शहरातल्या केकच्या दुकानांत असतो असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली, तेव्हापासून या भागात मराठी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावासारख्या खेड्यांत जुनी कॅथलिक वस्ती आहे. औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. डिसेंबरच्या मध्यापासून संध्याकाळी तरुण मुलं-मुली घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरतात. ढोलकी, टाळ, मराठी चाल. कितीतरी गाणी थेट भजनाच्या अंगाने जातात. दारावर चांदणीचा कंदील टांगलेला असतो, अंगणात गव्हाणीचा देखावा. तुमच्या गल्लीत ही मंडळी आली तर दार उघडा, दोन गाणी ऐका, चहा विचारा, पेटीत यथाशक्ती टाका.

चर्चमध्ये २४ च्या रात्री किंवा २५ च्या सकाळी कुणीही जाऊन बसू शकतं. आधी फादरना किंवा पाळकसाहेबांना विचारलंत तर वेळही कळेल आणि स्वागतही होईल. गावातल्या बऱ्याच चर्चमध्ये पादत्राणं बाहेर काढून सतरंजीवर बसतात, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहायचं. प्रभुभोजनाच्या वेळी मात्र रांगेत जाऊ नका, आपल्या जागी शांत बसा. तो त्यांचा संस्कार आहे आणि बसून राहिलेल्याला कुणी परकं मानत नाही.

ओळखीच्या घरी २५ ला दुपारनंतर जावं, सकाळ उपासनेत जाते. ताटात केकच्या जोडीला करंज्या, शंकरपाळी, चकल्या, अनारसे येतील. दिवाळीला तुम्ही फराळ पाठवला असेल तर नाताळचा डबा तुमच्याकडे येतोच. मांसाहार करत नसाल तर आधी सांगा, म्हणजे त्यांची धावपळ होत नाही. कंदील आणि गव्हाणीच्या मूर्ती घ्यायच्या असतील तर २० तारखेच्या आत घ्या, पुढे निवडायला फारसं उरत नाही. आणि ज्या वर्षी येळवस नाताळच्या दोन-चार दिवस अलीकडे-पलीकडे येते, त्या वर्षी एसटी स्टँडवर जागा मिळणं अवघड; आरक्षण किमान आठवडाभर आधी करा.